डॉक्टर सेव्हनला काहीच का बोलला नाही?

प्रश्न असा आहे : ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेच्या ‘समवन टू वॉच ओव्हर मी’ या भागात डॉक्टर सेव्हनच्या प्रेमात पडतो. शेवटी ती समोर उभी असते, तरी तो तोंडातून अवाक्षर काढत नाही. हा भित्रेपणा नाही का?

मला नाही तसं वाटत. भीती होती, नक्कीच होती. पण तो बोलला असता तर तिच्यावर अन्याय झाला असता, आणि हे त्याला कळलं होतं असं मी मानते.

हा भाग २८ एप्रिल १९९९ला पहिल्यांदा दाखवला गेला. पाचवा सीझन. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. व्हॉयेजर हे जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय. जहाजावरचा खरा डॉक्टर पहिल्याच भागात मरतो, तेव्हापासून आणीबाणीपुरता बनवलेला एक होलोग्रामच, म्हणजे संगणकाने उभा केलेला प्रकाशाचा माणूस, डॉक्टर म्हणून काम करतोय. त्याला नावसुद्धा नाही. सेव्हन ऑफ नाइन ही मूळची अॅनिका हॅन्सन. लहानपणी बोर्गनी, म्हणजे अर्धी माणसं अर्धी यंत्रं असलेल्या एका टोळीने, पळवलेली, यंत्रं बसवून त्यांच्यातलीच करून टाकलेली, आणि मोठेपणी व्हॉयेजरवर आल्यावर पुन्हा माणूस व्हायला शिकणारी. या भागात तिला प्रेम, जोडीदार वगैरे म्हणजे काय ते समजून घ्यायचं असतं, आणि डॉक्टर तिला रीतसर धडे द्यायला बसतो.

तुम्ही हा एकच भाग सुटा पाहिला असेल तर एक गोष्ट नजरेतून सुटली असेल. १९९७च्या ‘द गिफ्ट’ या भागात सेव्हनच्या अंगातली बोर्गची बहुतेक यंत्रं काढणारा हाच डॉक्टर आहे. तिच्या डोक्यावर पुन्हा केस आणले त्याने. ती पुढे चार सीझन ज्या धाटणीचे कपडे वापरते तेही त्यानेच ठरवलेले. म्हणजे ती जेव्हा समोर उभी राहते तेव्हा तिच्या शरीराची जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याच्या हाताखालून गेलेली असते. वर आता तो तिचा शिक्षक. कुणाशी काय बोलावं, जेवताना कसं वागावं, नाचताना पाऊल कुठे टाकावं, सगळं त्याच्याकडून. अशा माणसाने ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हटलं तर तिने नाही कसं म्हणायचं? ‘नाही’ म्हणायला ती शिकणार होती तीसुद्धा त्याच्याकडूनच.

शिवाय मध्ये पैज आहे. जहाजाचा चालक टॉम पॅरिस याने डॉक्टरशी पैज लावलेली असते की सेव्हन एका पाहुण्या राजदूतासाठीच्या समारंभाला कुणाला तरी सोबत घेऊन येऊन नीट वागू शकणार नाही. आपल्याकडे पुलंची ‘ती फुलराणी’ ज्यांनी पाहिली किंवा वाचलीय त्यांना हे लगेच ओळखू येईल, कारण मुळात गोष्ट तीच आहे. शिकवणाऱ्याची पैज, शिकणारीचा जीव. इथेही पैजेची गोष्ट सेव्हनच्या कानावर जाते आणि ती दुखावून निघून जाते. त्यानंतर डॉक्टरने प्रेमाची कबुली दिली असती, तर आधीचे सगळे धडे तिला एक सापळा वाटले असते. तो मनापासून बोलला असता तरीही.

मला या भागात सगळ्यात आवडतो तो दोघं मिळून गातात तो प्रसंग. तिला छंद कोणता असावा याची चर्चा चाललेली असते आणि तो एक साधं, जुनं अमेरिकन गाणं सुरू करतो. ती सूर लावते. आधी अगदी कोरडा, बरोबर पण कोरडा. मग तो दुसऱ्या पट्टीतून साथ देतो आणि दोघांचे आवाज जुळतात. डॉक्टर झालेल्या रॉबर्ट पिकार्डोचा चेहरा इथे बघा. शिकवणाऱ्याचं समाधान असतं तिथे हळूच वेगळंच काहीतरी येतं, आणि ते त्याला स्वतःलाही अनपेक्षित असतं. सेव्हन झालेली जेरी रायन मात्र चेहऱ्यावर तसलं काही येऊ देत नाही. तिला गाणं जमलं याचा आनंद आहे, बस. एकतर्फी प्रेम म्हणजे काय, हे एकही संवाद न वापरता तिथे कळतं.

म्हणूनच जहाजावरच्या लेफ्टनंट चॅपमनबरोबरची सेव्हनची ती फसलेली भेट, नाचताना तिने त्याचा खांदा दुखावणं, हे सगळं गमतीचं असलं तरी मला दुय्यम वाटतं. जहाजाचा आचारी नीलिक्स याच्या गळ्यात पडलेल्या त्या पाहुण्या राजदूताचं उपकथानक तर निम्मं कापलं असतं तरी चाललं असतं.

आता शेवटचा प्रसंग. पॅरिसच त्याला सांगतो की बोलून टाक. डॉक्टर मनाची तयारीही करतो. सेव्हन येते ती आभार मानायला. आणि शांतपणे सांगते की जहाजावर तिच्यासाठी योग्य असा कुणीच नाही, तेव्हा हे धडे आता पुरे. तो तिच्यासमोर उभा आहे आणि तिच्या यादीत तो धरलेलाच नाही! यात तिचा दुष्टपणा नाही. तिने खरंच विचार करून काढलेला निष्कर्ष आहे. तिचं उत्तर विचारायच्या आधीच मिळालंय. यावर तो बोलला असता तर ते स्वतःचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवणं झालं असतं. तो ‘बरं’ म्हणतो आणि तिला जाऊ देतो. मग होलोडेकवर, म्हणजे हवी ती आभासी जागा उभी करणाऱ्या खोलीत, एकटा पियानोवर बसून गातो ते गर्श्विन बंधूंचं १९२६चं गाणं, ज्यावरून भागाचं नाव पडलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. महिनोन्‌महिने एखाद्या पेशंटला हात धरून उभं करायचं, पहिलं पाऊल टाकायला लावायचं, या कामात जीव गुंततो, दोन्ही बाजूंनी. त्यात गैर काही नाही. पण पेशंटची कृतज्ञता ही प्रेमासारखीच दिसते, आणि ती ओळखायची जबाबदारी आपली असते, त्यांची नाही. काही जण म्हणतील, मग केस दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवायची आणि मोकळं व्हायचं. आमच्याकडे ते शक्य असतं. व्हॉयेजरवर दुसरा डॉक्टरच नाही. जेमतेम दीडशे माणसांचं जहाज, घर अजून हजारो प्रकाशवर्षं दूर. सेव्हनला उद्या त्याच्यासमोर अवघडल्यासारखं झालं तर ती तपासायला जाणार कुठे? तिच्या अंगातली उरलेली यंत्रं ज्याला कळतात असा तोच एक. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आणि तो पुढे बोलतो, हे तुम्हाला माहीत आहे की नाही कल्पना नाही. मे २००१मधल्या ‘रेनेसाँ मॅन’ या भागात आपला प्रोग्राम आता संपणार अशी त्याची खात्री होते, आणि तेव्हा तो सेव्हनला सांगून टाकतो की इतकी वर्षं तो तिच्यावर प्रेम करत आलाय. म्हणजे परिणाम भोगायला आपण उरणार नाही असं वाटलं तेव्हाच तो बोलला. पण तो वाचतो, आणि मालिका ती कबुली इतर गमतीशीर कबुल्यांच्या रांगेत बसवून हसण्यावारी नेते. याचा मला अजूनही राग येतो. दोन वर्षांपूर्वी ज्या भावनेला इतकं जपून हाताळलं, तिचा शेवटी नुसता विनोद करायचा? पुढच्याच आठवड्यात, मालिकेच्या शेवटच्या भागात, सेव्हन जहाजाचा उपकप्तान चकोटे याच्या प्रेमात दिसते, तेही फारशी तयारी न करता.

तुम्हाला पुन्हा पाहायचं असेल तर आधी ‘द गिफ्ट’ पाहा, मग लगेच हा भाग. शेवटच्या प्रसंगात आवाज बंद करून एकदा फक्त पिकार्डोकडे बघा. तो किती वेळा बोलायला तोंड उघडतो आणि थांबतो, ते पाहून मग मला सांगा भित्रेपणा वाटतो का.