अकरा वर्षांचा अनुभव आणि ब्रिस्बेन

"दादा, नागपुरात अकरा वर्षं हायवेचं ड्राफ्टिंग केलंय, डिप्लोमा आहे. ब्रिस्बेनला तेवढ्यावर नोकरी मिळेल का?" असं तू विचारलंस. मिळेल, पण नुसती वर्षं दाखवून नाही.

आपल्याकडे डिझायनर अलाइनमेंट, म्हणजे रस्त्याची मधली रेषा, देतो आणि ड्राफ्ट्समन प्लॅन-प्रोफाइल (वरून दिसणारा रस्ता आणि त्याचा लांबीचा छेद), क्रॉस सेक्शन (आडवा छेद) यांच्या शीट काढतो. पुण्यात मी नऊ वर्षं तेच केलं. इथे ब्रिस्बेनला शीट काढायचं बरंचसं काम कंपन्या भारतातल्या ऑफिसांकडे पाठवतात. म्हणजे इथे येऊन तुझी स्पर्धा पुण्यात बसलेल्या तुझ्याच मित्राशी! इथल्या ड्राफ्टरकडे रस्त्याचं थ्रीडी मॉडेल असतं: चौकाचं ग्रेडिंग, म्हणजे चढ-उतार, ड्रेनेज, जमिनीखालच्या केबल आणि पाइप. पाऊस इथे धो-धो पडतो, त्यामुळे पाणी कुठे जाणार हा प्रश्न रोजचा.

सिव्हिल थ्रीडी हे सॉफ्टवेअर तुला येतं, आता ट्वेल्व्ह-डी मॉडेल शीक. ते मूळ ऑस्ट्रेलियाचंच, क्वीन्सलंडच्या रस्त्यांच्या कामात फार चालतं. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत लॅपटॉप पुढे सरकवून चौकाच्या कोपऱ्यातला कर्ब, म्हणजे रस्त्याची उंच कड, मॉडेलमध्ये बांधायला सांगितला. पाऊण तास घाम गाळला, नोकरी गेली ती गेलीच.

गाड्या डावीकडूनच चालतात, माप मीटरमध्ये, चेनेजला (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराला) चेनेजच म्हणतात. आपल्या आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) नियमांच्या जागी ऑस्ट्रोड्सची गाइड, एवढाच मोठा बदल. डेटम, म्हणजे नकाशावरच्या जागा मोजायचा आधार, मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. जुने सर्व्हे जीडीए ९४ वर, नवे जीडीए २०२० वर, आणि दोन्हींत सुमारे १.८ मीटरचा फरक. मी एकदा न बघता जुनी फाइल जोडली आणि फुटपाथखालची पाण्याची लाइन थेट लेनखाली आली. चेकिंगमध्ये सापडली म्हणून निभावलं.

कागदपत्रांना आजच लाग. अनुभवपत्र लेटरहेडवर हवं, त्यात तारखा आणि तू नेमकं काय करायचास ते. जोडीला पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६. रोखीत पगार घेतलेली वर्षं सिद्ध करताना नाकी नऊ येतात. पॉइंट्सच्या व्हिसाचं (वय, शिक्षण, अनुभव यांना गुण देऊन मिळणाऱ्या) निमंत्रण वयाची ४५ पूर्ण व्हायच्या आत यावं लागतं.

आणि समृद्धीची ड्रॉइंग पोर्टफोलिओत घालू नकोस. क्लायंटचा माल असा दाखवणारा माणूस इथे नको असतो. त्यापेक्षा वर्धा रोडवरचा एखादा चौक घे आणि घरी बसून स्वतःचं मॉडेल कर, ड्रेनेजसकट.