वाचकांचे प्रश्न : सही देण्याआधी सातबारा काढा

(जमीन, वारसा आणि नोंदींबद्दलच्या प्रश्नांना निवृत्त मंडल अधिकारी असलेल्या आमच्या स्तंभलेखिका उत्तरं देतात.)

प्रश्न : माझं लग्न १९९१ साली झालं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र नाही. आई आणि दोन भाऊ आहेत. आजोबांपासून चालत आलेली सहा एकर जमीन आहे. थोरला भाऊ म्हणतो, "९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नसतो. तरी पुढे कटकट नको, हक्कसोड करून दे." भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निबंधक कार्यालयात जायचं त्यांनी परस्पर ठरवलंय. सही नाही दिली तर माहेर तुटेल, दिली तर मनाला पटत नाही.
– एक बहीण, माण तालुका

उत्तर : ताई, तुमचे बंधू हवेत बोलत नाहीत, पण त्यांचा कायदा जुना झालाय. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. केंद्राच्या अकरा वर्षं आधी, हे आपल्या राज्याला भूषणच. पण त्यात मेख मारून ठेवली होती : त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली, तिच्यात लग्नाची अट नाही. तरी वडील त्या दिवशी हयात हवेत की नकोत यावर कोर्टात वर्षानुवर्षं काथ्याकूट चालला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो संपवला. हक्क जन्माने येतो, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल तर मात्र ते उकरता येत नाही. तुमच्याकडे तसं काही झालेलं दिसत नाही.

आता हिशेब. जमीन वडिलोपार्जित धरा की वडिलांची स्वतःची, तुमच्या घरात उत्तर एकच येतं : आई, दोन भाऊ आणि तुम्ही, चार सारखे वाटे. प्रत्येकी दीड एकर. आईचाही वाटा असतो हे भाऊ विसरतात, आणि बऱ्याचदा आईसुद्धा.

पहिलं काम, सातबारा काढा आणि नीट वाचा. मी नोकरीला लागले तेव्हा हाताने लिहिलेले सातबारे असत. कब्जेदाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, जागी थोरल्याचं नाव, त्यापुढे "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. उजवीकडे "इतर हक्क" असा रकाना. त्यात वर सोसायटीच्या कर्जाचा बोजा, मग विहिरीतला हिस्सा, आणि त्याखाली बारीक अक्षरात बहिणी आणि विधवा आई. जिने ती जमीन आयुष्यभर खुरपली ती बोजाच्या खालच्या ओळीत! मुद्दाम कुणी करायचं असं नाही, आधीच्या तलाठ्याने तसं लिहिलं म्हणून पुढचाही तसंच लिही. आजही जुन्या नोंदीवरून नावं तशीच पुढे आलेली सापडतात. तुमच्या वडिलांच्या जागी नुसते दोघे भाऊ लागलेत का, की तुम्ही आणि आई दोघी त्या इतर हक्कांच्या रकान्यात जाऊन बसलात, ते बघा.

वारस नोंद अजून झालीच नसेल तर तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. "सगळ्या" यावर माझा जोर आहे, कारण बहीण गळते ती इथेच. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. तेवढ्यात लेखी हरकत दिली तर सुनावणी लागते. नोंद प्रमाणित होऊन गेली असेल तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील, साठ दिवसांच्या आत. आणि मुदत टळली म्हणून हातपाय गाळू नका. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, त्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात करता येतो.

तलाठ्यापुढे कुणी "मला हिस्सा नको" असा जबाब लिहून घेतला, तरी तेवढ्याने हक्क सुटत नाही. त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. म्हणून तर तुम्हाला निबंधकाकडे नेतायत.

माहेराचं म्हणाल तर मी काय सांगणार? हक्क सोडणं हाही तुमचाच अधिकार आहे, आणि समजून-उमजून सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्यात. पण भाऊबीजेच्या ताटाशेजारी कागद ठेवणं मला पसंत नाही. भावांना एवढंच सांगा, "आधी चौघांची नावं लागू देत, मग बसून बोलू." वहिवाट त्यांच्याकडेच राहू द्या, हवं तर उत्पन्नही. नाव मात्र राहू द्या. उद्या रस्ता किंवा धरण आलं तर संपादनाची नोटीस कागदावरच्या नावाला जाते. शिवाय तुम्ही शेतकरी म्हणून कागदावर राहता. आपल्या राज्यात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, ही अडचण तुमच्या मुलांना पुढे कळेल.

प्रश्न : मला माझ्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचंय. खरेदीखत करावं लागेल का? पारावरची मंडळी हसतात.
– एक शेतकरी, निफाड

उत्तर : नाही लागत. तुमच्या शेजारच्या चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला आणि १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाने योजना काढली. नवऱ्याने साधा अर्ज करायचा, बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. तुमच्या हिश्श्यापुरतंच हं, भावाच्या नाही. तलाठी "अशी योजना नाही" म्हणाला तर तहसीलदारांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये, म्हणजे जमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये, बायका सुमारे १४ टक्के होत्या. द्राक्षाची विरळणी कोण करतं ते पारावरच्यांना विचारा.

प्रश्न : मी परिचारिका आहे. लग्नानंतर तीन वर्षांत पती गेले, मूल नाही. सासरशी संबंध उरला नाही. स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला, आई माझ्याजवळ असते. माझ्यानंतर तो आईलाच मिळेल ना? सोसायटीत आईचं नाव नॉमिनी म्हणून दिलंय.
– नाशिक

उत्तर : नाही मिळणार, आणि हे लिहिताना मला राग येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नवरा-मूल नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टाची मिळकत आधी पतीच्या वारसांना जाते. दीर, नणंद, त्यांची मुलं. आईवडील त्यांच्या मागे. (माहेरून वारसाने आलेलं असेल तर ते वडिलांच्या वारसांकडे परततं, तेवढीच सोय.) २००९ च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यातली बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली होती. सासरने घालवून दिली, माहेराने शिकवली, तिने नोकरी केली. तरी तिचा पैसा नणंदेच्या मुलांना गेला. पुरुषाच्या बाबतीत त्याची आई पहिल्या वर्गातली वारस. १९५६ चं हे कलम २००५ च्या दुरुस्तीतही तसंच राहिलं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यावर निर्धास्त राहू नका. या आठवड्यात मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिलं तरी चालतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या बाबतीत मी नोंदणी कराच म्हणेन. दोन साक्षीदार लागतील, तुमची सही पाहिलेले. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. रुग्णालयातल्या दोघी सहकारी चालतील, शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान. आणि आई तुमच्या आधी गेली तर फ्लॅट कुणाला, तेही त्याच कागदात लिहून ठेवा.