डिलिरियम ओळखताना: नव्या इंटर्नला चार शब्द

डिलिरियम म्हणजे शारीरिक कारणानं अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. डीएसएम-५ (अमेरिकेतली मानसिक आजारांची निदानपुस्तिका) आणि आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) यांतले बारकावे आत्ता बाजूला ठेव. कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात सुरुवातीला तीनच गोष्टी पक्क्या कर.

१. लक्ष. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये लक्ष आणि भान बिघडणं हाच पहिला निकष आहे. नाव-गाव बरोबर सांगितलं म्हणजे पेशंट ठीक, असं समजू नकोस. वार उलटे म्हणायला सांग आणि मध्येच धागा सुटतो का बघ.

२. सुरुवात. ही नातेवाइकांनाच विचारायची. परवापर्यंत स्वतः म्हशीच्या धारा काढणारी कागलची आजी आज सुनेला ओळखत नसेल, तर घाईनं डिमेन्शिया (हळूहळू वाढणारा स्मृतिभ्रंश) लिहू नकोस. डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो, शिवाय दिवसभरात कमी-जास्त होतो. सकाळच्या राउंडला नीट बोललेली आजी रात्री बरळू शकते. म्हणून नाइटच्या सिस्टरांच्या नोंदी वाचच.

३. शारीरिक कारण: संसर्ग, रक्तातलं बिघडलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, नवी औषधं, अचानक सुटलेली दारू.

सगळ्यात जास्त निसटतो तो गप्प पडून राहणारा पेशंट. तो कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. तू आधी त्याच्याकडे जा. कोड आणि उपप्रकार मी नंतर शिकवतो.