वाचकांचे प्रश्न : खेळाच्या यंत्रातला संगणक

प्रश्न : माझ्या मामांचे पुण्याच्या कॅम्पात व्हिडिओ गेमचे पार्लर होते. ते बंद करताना त्यांनी एका यंत्राच्या पोटातला धातूचा डबा मला दिला. त्यावर 'तैतो टाइप एक्स' असे नाव आहे. दुकानात तो एका जड ट्रान्सफॉर्मरवर चालत असे, तोही मी आणला आहे. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून खेळ बंद केला की विंडोज एक्सपीचा ओळखीचा पडदा दिसतो. पण त्यात एखादी फाइल लिहून ठेवली तर यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ती नाहीशी झालेली असते. मागे यूएसबीसारख्या दिसणाऱ्या एका खाचेत पेनड्राइव्ह लावून पाहिला, तो ओळखला जात नाही. माझ्या नववीतल्या मुलीला अभ्यासासाठी यातून घरचा संगणक करता येईल का? – एक वाचक, धनकवडी

उत्तर : करता येईल, कारण आपल्याजवळ आहे तो मुळात संगणकच आहे. एके काळी खेळाच्या यंत्रांचे बोर्ड प्रत्येक कंपनी स्वतः घडवत असे आणि त्यातल्या चिपा दुसऱ्या कशाच्याही उपयोगी पडत नसत. पुढे बाजारातला साधा संगणक इतका वेगवान आणि स्वस्त झाला की स्वतंत्र बोर्ड घडवण्याचा खर्च परवडेनासा झाला. तैतो या जपानी कंपनीने २००४ मध्ये आणलेल्या टाइप एक्समध्ये इंटेलचा ८६५जी चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांची जोडी), २.५ गिगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर, डीडीआर जातीची रॅम आणि एजीपी खाचेतले एटीआयचे ग्राफिक्स कार्ड होते, म्हणजे त्या वर्षी आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आणि कचेऱ्यांत जो संगणक होता, जवळपास तोच. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीच्या २००५ च्या लिंडबर्ग यंत्रात पेंटियम ४ होता, २००९ च्या रिंगएज यंत्रात पेंटियम ड्युअल कोअर. म्हणून डब्यावरच्या नावाकडे न पाहता आतल्या मदरबोर्डकडे पाहून निर्णय घ्यावा, एवढे सुरुवातीलाच सांगतो.

सर्वांत आधी विजेचे पाहू. मामांनी जपून ठेवलेला ट्रान्सफॉर्मर अडगळ समजून टाकून देऊ नका. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. डब्यातल्या एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, चिठ्ठीवर फक्त १०० व्होल्ट लिहिले असेल आणि तो थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडला, तर पहिल्याच क्षणी फ्यूज जाईल आणि बहुधा त्याबरोबर बरेच काही जाईल. १०० ते २४० असे लिहिले असेल तर ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. काही जुन्या एसएमपीएसना मागे एक लहान लाल खटका असतो, त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. तो २३० वर आहे ना, हे टॉर्च लावून पाहावे, अंदाजावर सोडू नये. माझे मत विचाराल, तर वीस वर्षे पार्लरच्या धुळीत चाललेला एसएमपीएस ठेवूच नये. मदरबोर्डला जाणारा मुख्य जोड साध्या संगणकाच्या एटीएक्स पद्धतीचा असेल, तर नवा, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस बसवावा. हल्लीच्या २४ पिनांच्या जोडातला चार पिनांचा तुकडा वेगळा होतो, त्यामुळे तो जुन्या २० पिनांच्या बोर्डावरही बसतो. प्रोसेसरजवळचा १२ व्होल्टचा चौकोनी चार पिनांचा जोड लावायला मात्र विसरू नका. तो राहिला की पंखा फिरतो, पडदा काळा राहतो आणि माणूस बोर्ड गेला असे समजून बसतो.

डबा उघडाल तेव्हा प्रोसेसरभोवती उभे असलेले नळकांड्यासारखे कपॅसिटर एकेक करून पाहा. त्यांच्या माथ्यावर खाचा पाडलेल्या असतात आणि माथा अगदी सपाट असावा लागतो. तो किंचित फुगलेला दिसला किंवा खाचेतून तपकिरी द्रव सुकलेला दिसला, तर तो कपॅसिटर संपलेला आहे. त्या काळात बनलेल्या बोर्डांमध्ये हा दोष जगभर आढळला, त्यामुळे तो दिसला तर नवल मानू नका. गेल्या पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या एका मित्राकडे असाच एक डबा मी उघडला होता. यंत्र दहा मिनिटे चालून आपोआप बंद होत असे आणि सगळा संशय विंडोजवर होता. प्रत्यक्षात एका ओळीतले चार कपॅसिटर फुगले होते आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. तेवढ्याच क्षमतेचे आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे कपॅसिटर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळतात. बसवण्याचे काम मात्र बहुपदरी बोर्डावर सोल्डरिंग करण्याची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. त्याच वेळी प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावावी आणि सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी बदलावी. बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात. दोन गोष्टींचा संबंध लक्षात न आल्याने लोक इंटरनेटवाल्याशी भांडत राहतात.

आता आपल्या दोन कोड्यांविषयी. पेनड्राइव्ह ज्या खाचेत लावला ती बहुधा यूएसबी नाहीच. जॉयस्टिक, बटणे आणि नाण्याची पेटी यांच्याशी बोलण्यासाठी जपानी उत्पादकांनी जेव्हीएस नावाची एक समान पद्धत ठरवली आणि तिच्यासाठी यूएसबीचाच जोड उसना घेतला. आकार हुबेहूब तोच, पण तारांवरून जाणारे संकेत आरएस-४८५ या अगदी वेगळ्या जातीचे. त्या खाचेत पेनड्राइव्ह, मोबाइल किंवा कीबोर्ड पुन्हा लावू नका, दोन्हीकडचे नुकसान होऊ शकते. खऱ्या यूएसबी खाचा मदरबोर्डलाच जोडलेल्या असतात, जिथे आपला कीबोर्ड चालला त्याच गटात. जेव्हीएसच्या खाचेवर आजच चिकटपट्टी लावून ठेवावी, म्हणजे मुलीच्या हातून चूक होणार नाही.

फाइल नाहीशी होणे हा बिघाड नाही. आपल्या यंत्रात विंडोज एक्सपीची एम्बेडेड आवृत्ती आहे आणि तिच्यात डिस्कवरचे लेखन अडवणारी एक गाळणी असते. तिचे इंग्रजी लघुनाव ईडब्ल्यूएफ. ती चालू असली की आपण लिहिलेले सारे डिस्कवर न जाता रॅममध्ये राहते आणि यंत्र बंद होताच पुसले जाते. पार्लरमध्ये रात्री मालक सरळ मेन स्विच पाडतो, रीतसर शटडाउन कोणी करत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी यंत्र तसेच्या तसे उठावे म्हणून ही सोय केलेली असते. ती बंद करता येते, पण कृपया करू नका.

माझ्या लेखी या संपूर्ण उत्तरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे : मूळ डिस्कला हात लावू नका. ती बाहेर काढा, तिच्यावर यंत्राचे नाव आणि तारीख लिहा, अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. खेळ त्या डिस्कवर आहे आणि तो दुकानात जाऊन पुन्हा विकत घेता येत नाही. बोर्ड साधा असल्यामुळे उद्या दुसरा मिळेल. डिस्क पुसली तर पार्लरमधली ती संध्याकाळ पुन्हा उभी करता येणार नाही. लोक घाईने फॉरमॅट करतात आणि वर्षभराने विचारायला येतात, तेव्हा सांगण्यासारखे काही उरलेले नसते. शिवाय लिंडबर्गसारख्या यंत्रांत डिस्कलाच पासवर्डचे कुलूप असते. ते उघडण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा दुसरी डिस्क लावणे सोपे. जुन्या बोर्डावर डिस्क जोडण्याची आयडीई ही जुनी, रुंद पट्टीची पद्धत असेल तर साटा या नव्या पद्धतीचे परिवर्तक घालून लहान एसएसडी चालते.

राहिला प्रश्न अभ्यासाचा. इथे आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. विंडोज एक्सपी इंटरनेटला जोडू नये, तिचा आधार संपून अनेक वर्षे झाली. त्या काळचा सेलेरॉन ३२-बिटांचा आहे. विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या डेबियन लिनक्सची १२ वी आवृत्ती अशा प्रोसेसरवर बसते, पण २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिटी संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकण्यात आली. क्रोमला २०२१ पासून एसएसई३ आज्ञा समजणारा प्रोसेसर लागतो, त्या या जुन्या सेलेरॉनमध्ये नाहीत. याचा अर्थ, ऑनलाइन तासिका आणि व्हिडिओ यांसाठी हा डबा उपयोगाचा नाही. पण एक्सएफसीई किंवा त्याहून हलका डेस्कटॉप, लिब्रे ऑफिस, मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट आणि लोहित देवनागरी टंक, प्रोग्रॅमिंगसाठी पायथन एवढे त्यात नीट चालते, विशेषतः रॅम वाढवून त्या बोर्डाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे २ जीबीपर्यंत, नेली तर. जुनी डीडीआर रॅम बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात शोधावी. घेताना खाच जुळते ना ते पाहावे, कारण डीडीआर२ त्यात बसत नाही. नववीतल्या मुलीने स्वतःच्या हाताने रॅम बसवली, बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बूटचा क्रम बदलला, तर त्या एका दुपारी ती जे शिकेल ते तयार लॅपटॉप देऊन शिकवता येणार नाही, असे मला मनापासून वाटते.

आपल्या डब्यावर एक्सच्या पुढे २ असता तर उत्तर वेगळे असते. टाइप एक्स२ मध्ये क्यू९६५ चिपसेट आहे, त्यावर ६४-बिटी कोअर २ ड्युओ बसतो आणि डीडीआर२ रॅम लागते. अशा यंत्रावर आजचे लिनक्स आणि आजचा ब्राउझर, थोडा धीर धरला तर, घरच्या कामापुरता चालतो.

प्रश्न : आमच्याकडे यंत्राचा लाकडी सांगाडा आणि त्यातला जुना २९ इंची काचेचा पडदाही आहे. तोच मॉनिटर म्हणून वापरावा का? – एक वाचक, खडकी

उत्तर : वापरू नये. पार्लरमधल्या बऱ्याच जुन्या पडद्यांची आडवी वारंवारता १५ किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि संगणकाचा ६४० बाय ४८० चा साधा संकेतसुद्धा ३१.५ किलोहर्ट्झचा असतो. पडदा तो पकडू शकत नाही आणि जबरदस्तीने आतले भाग जळू शकतात. त्याहून गंभीर बाब अशी की चित्रनळीच्या अॅनोडवर वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वीज काढल्यानंतरही तो बराच काळ टिकतो. मागचे झाकण स्वतः उघडू नका. सांगाडा ठेवायचा असेल तर जाणकाराकडून नळी काढून घेऊन तिथे एलसीडी बसवावा. नळीच्या काचेत शिसे असते, म्हणून ती भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. पुण्यात स्वच्छ संस्थेचे लोक ई-कचरा गोळा करतात, त्यांच्याकडे चौकशी करावी.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या हाताला कंप आहे, त्यांना कीबोर्ड वापरता येत नाही. यंत्राची मोठी बटणे संगणकाला जोडता येतील का? – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : हा या भागांचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपयोग आहे. ती बटणे साधारण ३० मिलिमीटर व्यासाची असतात आणि प्रत्येकाखाली एक मायक्रोस्विच असतो. त्याच्या पत्र्यांवर कॉम (समाईक टोक) आणि एनओ (बटण दाबल्यावरच जुळणारे टोक) अशी अक्षरे कोरलेली असतात. सगळ्या बटणांचे कॉम एका तारेने जोडावेत आणि प्रत्येक एनओची वेगळी तार यूएसबी एन्कोडर नावाच्या लहान पट्टीवर न्यावी. एन्कोडर घेताना संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसणारा मागावा, गेम कंट्रोलर म्हणून दिसणारा नव्हे. मग एका बटणाला पान पुढे, दुसऱ्याला पान मागे आणि तिसऱ्याला एंटर अशी कळ नेमता येते. कंपामुळे एकच बटण दोनदा दाबले जाते, त्यासाठी विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये सुलभता विभागात पाठोपाठचे दाब दुर्लक्षित करण्याची सोय आहे. सुरुवातीला अर्ध्या सेकंदाचा अवधी ठेवून पाहावा. बटणे प्लायवूडच्या उतरत्या फळीवर, एकमेकांपासून किमान चार बोटे अंतरावर बसवा आणि फळीखाली रबराचे पाय लावा, म्हणजे हात टेकला तरी ती सरकणार नाही.