वारंवार होणारे जुलाब आणि 'अ' जीवनसत्त्व

प्रश्न : माझा मुलगा 20 महिन्यांचा आहे. पावसाळा लागल्यापासून त्याला तीनदा जुलाब झाले आणि कालपासून पुन्हा सुरू झाले आहेत. सासूबाई म्हणतात, दाढा येत आहेत म्हणून पोट बिघडते. शेजारच्या काकू म्हणतात, जीवनसत्त्वे कमी पडली आहेत, टॉनिक सुरू कर. शक्ती यावी म्हणून मी बाटलीतला संत्र्याचा रस देते. गोवराच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस दिला होता, पण दुसऱ्याच्या वेळी मी माहेरी असल्याने तो राहून गेला. कमतरतेमुळे जुलाब होतात का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : काकूंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जुलाब सुरू होतात ते बहुधा रोटाव्हायरससारख्या विषाणूंमुळे किंवा दूषित पाणी, अन्न आणि हातांवाटे पोटात गेलेल्या जंतूंमुळे. मात्र हा संसर्ग किती बळावेल आणि मुलाला किती खचवेल, यात शरीरातील 'अ' जीवनसत्त्वाच्या साठ्याचा मोठा वाटा असतो. आतड्याच्या अस्तरातील पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या होत असतात. त्या नीट घडण्यासाठी आणि त्यांच्यावरचा चिकट, संरक्षक थर टिकण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते, आणि ते अपुरे पडले की अस्तराची डागडुजी रखडून जंतूंना आयती वाट मिळते. दुसरीकडे, जुलाबात मूल जेवत नाही, खाल्लेल्यातील स्निग्धांश नीट शोषला जात नाही आणि स्निग्धात विरघळणारे 'अ' जीवनसत्त्वही त्याबरोबर वाया जाते. म्हणजे प्रत्येक आजारपणात यकृतातला साठा घटतो आणि पुढच्या आजाराला तोंड देण्याची ताकद कमी होते. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला काळजी वाटते ती याच चक्राची.

ही गोष्ट ठळकपणे पुढे आली ती 1980च्या दशकात, अमेरिकी नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सोमर यांच्या इंडोनेशियातील अभ्यासातून. रातांधळेपणा असलेली मुले इतरांपेक्षा जास्त प्रमाणात दगावत होती आणि त्यांना जुलाब व श्वसनाचे आजारही अधिक होत होते. आपल्याकडे 1970 पासून हे डोस दिले जातात, पण तेव्हा उद्देश अंधत्व टाळण्याचा होता. सगळ्या चाचण्यांत सारखाच लाभ दिसलेला नाही. उत्तर प्रदेशात सुमारे 10 लाख मुलांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यूंमध्ये फारसा फरक आढळला नाही. तरीही वारंवार आजारी पडणाऱ्या आणि डोस चुकलेल्या मुलाला तो द्यावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज मात्र पहिले काम पाण्याचे. जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, एक लिटरचे पाकीट उकळून गार केलेल्या मोजून एक लिटर पाण्यात विरघळवा आणि प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप चमच्याचमच्याने पाजा. उरलेले 24 तासांनी टाकून द्या. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, अशी 14 दिवस द्या. चौथ्या दिवशी मूल खेळू लागले की बहुतेक घरांत ही गोळी बंद होते. तसे करू नका, कारण पुढच्या काही महिन्यांतील जुलाब कमी होण्यासाठी पूर्ण मुदत महत्त्वाची असते. अंगावरचे दूध आणि मऊ भात, वरण, खिचडी चालू ठेवा. बाटलीतला रस थांबवा, कारण त्यातील साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. आपल्या संत्र्याचा अभिमान आपल्या सर्वांनाच आहे, पण त्याचे बळ 'क' जीवनसत्त्वात आहे. 'अ' जीवनसत्त्वासाठी शेवग्याचा पाला, कोहळे म्हणजे लाल भोपळा, गाजर, पपई आणि अंड्याचा बलक अधिक उपयोगी. भाजीवर चमचाभर तेल किंवा तूप घातल्याशिवाय तिच्यातले जीवनसत्त्व नीट अंगी लागत नाही. टॉनिकवर पैसे घालवू नका.

जुलाब थांबले की कार्ड घेऊन अंगणवाडीत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. आता त्याला 2 मिलिलिटर, म्हणजे 2 लाख युनिट, मिळतील आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तेवढेच. दाढांमुळे जुलाब होत नाहीत. हिरड्या शिवशिवतात म्हणून मूल जमिनीवरची वस्तू आणि मळकी बोटे तोंडात घालते, तेव्हा सासूबाईंना त्याची नखे कापण्याचे आणि साबणाने हात धुण्याचे काम आवर्जून सांगा.

डोळे खोल गेले, पोटावर चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू बसू लागली, सहा तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले किंवा मूल पाणी पिईनासे झाले, तर घरी न थांबता दवाखाना गाठा. दिवेलागणीला मूल समोरची ताटली चाचपडत शोधते का, तेही पाहा. तसे असेल किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसला, तर सहा महिन्यांचे वेळापत्रक न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : नातवाला अंगणवाडीत 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मिळाला आणि आठवड्याने खासगी दवाखान्यातही दिला गेला. अपाय होईल का?
— एक आजोबा, महाल, नागपूर

उत्तर : जादा डोसाने काही मुलांना उलटी, डोकेदुखी किंवा चिडचिड होते आणि ती बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. त्रास दिसला, तर डॉक्टरांना दोन्ही तारखा सांगा. हे जीवनसत्त्व यकृतात साठत असल्याने दुसऱ्या डोसापासून सहा महिने पुढचा डोस देऊ नका आणि दोन्ही तारखा आजच कार्डावर लिहून घ्या.