गव्हावरील तांबेरा: वारा, पाऊस आणि दवाचे तास

प्रश्न : बंगालच्या उपसागरात वादळ झाले की गव्हावर तांबेरा येणार, असे आमच्याकडील जुनी माणसे म्हणतात. यात तथ्य आहे का? (सेलू, जि. परभणी)

उत्तर : तथ्य आहे, पण अर्धेच. तांबेरा हा बुरशीजन्य रोग आहे, आणि काळ्या तांबेऱ्याची (खोडावर येणाऱ्या) बुरशी हिरव्या झाडावर जगते. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात गहूच नसल्याने ती टिकत नाही. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांवर मात्र ती वर्षभर तग धरते, हे वनस्पती रोगशास्त्रज्ञ के. सी. मेहता यांच्या संशोधनातून पुढे आले. तेथून निघालेले बीजाणू (बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण) मध्य भारतात कसे पोचतात, यावर १९७० च्या दशकात शास्त्रज्ञ नागराजन व सहकाऱ्यांनी नियम बांधले. बंगालच्या उपसागरातील किंवा अरबी समुद्रातील वादळ मध्य भारतावर येऊन विरावे, दक्षिण-मध्य भारतावर जास्त दाबाचे क्षेत्र टिकून असावे आणि पश्चिमी विक्षोभामुळे (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या हवामान प्रणालीमुळे) कमी दाबाचा पट्टा दक्षिणेपर्यंत उतरावा, असा तो मेळ आहे. हवेतले बीजाणू पावसाबरोबर धुऊन पिकावर उतरतात. म्हणून वादळाची नुसती बातमी पुरेशी नाही. ते कोठे विरले आणि त्या सुमारास आपल्या मंडळात पाऊस पडला का, हे पाहावे.

प्रश्न : आभाळ आले की मी लगेच फवारणी करतो. हे बरोबर आहे का? (अंबड, जि. जालना)

उत्तर : सरसकट नाही. बीजाणू रुजून पानात शिरण्यासाठी पान साधारण ६ ते ८ तास सलग ओले राहावे लागते, आणि मराठवाड्यात रब्बीत हा ओलावा बहुतेक वेळा दवाचा असतो. दव पडते ते निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री. ढगाळ रात्री जमिनीची उष्णता अडून राहते, पाने पुरेशी निवत नाहीत आणि दव कमी पडते. त्यामुळे कोरडे आभाळ पाहून पंप पाठीवर घेणारा शेतकरी पुष्कळदा नको त्या दिवशी औषध वाया घालवतो, आणि टिपूर चांदण्याची रात्र निर्धास्त झोपून काढतो. खरा धोका असतो तो रात्री दव, पहाटे धुई आणि सकाळी ढग असा क्रम जुळला की. ऊन उशिरा लागते आणि पाने दहा वाजले तरी सुकत नाहीत. सकाळी सातपासून तासातासाने गव्हाच्या मधल्या पानावरून बोट फिरवावे, पान कोरडे कधी झाले ते वहीत लिहावे, शेजारी रात्रीचे किमान तापमानही लिहावे. पारा १० अंशांच्या खाली असेल तर लागण मंदावते. नारिंगी (पानावरच्या) तांबेऱ्याला १५ ते २० अंश मानवतात, काळ्याला त्याहून उबदार हवा लागते. उशिरा पेरलेल्या गव्हाला फेब्रुवारीत अधिक जपावे लागते, ते यामुळेच.

प्रश्न : वीज रात्रीच मिळते. तुषार सिंचनाने रोग वाढेल का? (गेवराई, जि. बीड)

उत्तर : संध्याकाळी पाणी दिल्यास वाढू शकतो, कारण तुषारांचा ओलावा आणि दव एकमेकांना जोडले जातात. तेच पाणी मध्यरात्रीनंतर, पाने दवाने आधीच भिजलेली असताना दिले, तर ओले तास फारसे वाढत नाहीत. मात्र संच उजाडण्यापूर्वी बंद व्हावा.

प्रश्न : सोयाबीन आठवड्यात पिवळे पडले. तांबेराच वाऱ्याने आला असेल ना? (औसा, जि. लातूर)

उत्तर : पानावर हिरवे-पिवळे चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक असण्याची शक्यता अधिक. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. बुरशीनाशकाने काहीही साधणार नाही. तांबेऱ्याचे तपकिरी फोड पानाच्या खालच्या बाजूला शोधावेत.

प्रश्न : मोबाइलवर आर्द्रता ८० टक्के दिसते. गव्हावर फवारावे का? (वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : केवळ त्या आकड्यावर नाही. तो हवामान केंद्रावरचा असतो, दाट पिकाच्या आतला नव्हे, आणि तो सकाळचा की दुपारचा यानेही अर्थ बदलतो. मंगळवारी व शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यातील पुढील पाच दिवसांचे अंदाज आपल्या दवाच्या नोंदीशी ताडून पाहावेत. लोक-१ सारखे रोगाला बळी पडणारे वाण असेल, ओल्या सकाळी लागोपाठ येत असतील आणि पानावर बोट घासताच नारिंगी भुकटी लागत असेल, तर प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी हे बुरशीनाशक १ मिली प्रति लिटर पाण्यातून फवारावे. उबदार हवेत लागण झाल्यापासून फोड दिसेपर्यंत ७ ते १० दिवस जातात, त्यामुळे पहिले फोड दिसल्यावर आणखी आठवडाभर वाट पाहणे परवडत नाही.