बॅलास्ट यंत्रणेचे कर्ज: व्याजदराआधी वितरणाच्या अटी वाचा

आपली अडचण वाचताच ओळखीची वाटली. आजवर केवळ भारतीय किनाऱ्यावर चाललेली जुनी मालवाहू बोट आता आखाताच्या फेऱ्यांवर घालायची आहे, त्यासाठी बॅलास्टचे, म्हणजे बोटीचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेले, पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवणे भाग आहे, आणि बँक म्हणते की या खर्चाने उत्पन्न वाढत नसल्यामुळे मुदत कर्ज देता येणार नाही, फार तर खेळत्या भांडवलातून भागवा. मी एका लहान जहाज कंपनीचे कर्जव्यवहार पाहतो आणि आमच्यावरही हीच वेळ आली होती. मी वकील नाही, मरीन इंजिनियरही नाही. त्यामुळे खालील मजकूर अनुभव म्हणून वाचावा आणि अंतिम निर्णय आपल्या सनदी लेखापालाला व क्लासच्या (जहाजांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हेअरला विचारूनच घ्यावा.

बॅलास्टच्या पाण्यातून परके जीव पसरू नयेत म्हणून झालेला 2004 चा आंतरराष्ट्रीय करार, त्याची 2017 मधील अंमलबजावणी आणि शुद्धीकरणाचा निकष पाळण्याची 8 सप्टेंबर 2024 ची अंतिम मुदत आपल्याला ठाऊक असणारच. फक्त ध्वज भारतीय आहे म्हणून परदेशी बंदरात सूट मिळेल असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विसंबू नका. करारात सामील झालेले देश आपल्या बंदरात येणाऱ्या प्रत्येक बोटीला तोच निकष लावतात, आणि संयुक्त अरब अमिराती त्या देशांपैकी आहे.

‘उत्पन्न वाढत नाही’ या आक्षेपावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. प्रकल्प अहवालात यंत्रणेसह आणि यंत्रणेविना अशी दोन्ही रोकड प्रवाहपत्रके शेजारीशेजारी मांडा, आणि आखाती फेऱ्यांसाठी चार्टररने (बोट भाड्याने घेणाऱ्याने) दिलेले लेखी इरादापत्र सोबत जोडा. खेळत्या भांडवलाचा सल्ला मात्र मुळीच मानू नका. दरवर्षी नूतनीकरण होणारी मर्यादा अनेक वर्षे टिकणाऱ्या यंत्रात अडकवली, तर पुढच्या फेरीला बंकर (जहाजाचे इंधन) आणि बंदरशुल्क भरायला पैसे उरत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. आमचे सर्वाधिक नुकसान व्याजदराने केले नाही, यंत्राच्या किमतीनेही नाही; ते केले मंजुरीपत्रातील एका ओळीने. पहिल्या वितरणापूर्वी यंत्रणेबाबतच्या वैधानिक प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत सादर करावी, अशी ती अट होती. लग्न ठरायच्या आधी बारशाची पत्रिका मागण्यातला हा प्रकार! आराखड्याला क्लासची मंजुरी, मग यंत्र आणणे, ड्राय डॉकमध्ये (पाणी उपसून बोट कोरडी ठेवतात त्या गोदीत) पाइप आणि केबल टाकून ते बसवणे, मग सर्व्हे, आणि 1 जून 2022 पासून बंधनकारक झालेली कार्यान्वयन चाचणी, जिच्यात यंत्रातून गेलेल्या पाण्याचे नमुने घेऊन त्यातील जीव तपासले जातात. एवढे सगळे पार पडल्यावर प्रमाणपत्र मिळते. पुरवठादार मात्र ऑर्डरबरोबर आगाऊ रक्कम आणि कारखान्यातून माल निघण्यापूर्वी उरलेला मोठा हिस्सा मागतो. म्हणजे पैसे आल्याशिवाय यंत्र नाही, यंत्राशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय पैसे नाहीत.

त्या वित्तसंस्थेचे नाव घेत नाही. शाखेतील अधिकारी प्रत्येक भेटीत मान डोलावत, ‘तुमचे म्हणणे बरोबर आहे’ असे म्हणत आणि फाइल वरच्या कार्यालयाकडे पाठवत. ती परत येई तेव्हा समासात पेन्सिलने तेच शब्द असत: ‘प्रमाणपत्र जोडलेले नाही.’ वरच्या कार्यालयात प्रत्यक्ष भेटायला गेलो तर शाखेमार्फत या, असे उत्तर मिळे. या येरझाऱ्यांत ड्राय डॉकची ठरलेली तारीख हुकली, तिथली अनामत गेली, पुरवठादाराच्या दरपत्रकाची मुदत संपली आणि नवे दरपत्रक आले तोवर युरो महागला होता. शेवटी अट बदलली ती आमच्या खरमरीत पत्रांमुळे नव्हे, तर क्लासच्या सर्व्हेअरने कामाचा क्रम अर्ध्या पानावर लिहून दिल्यामुळे. ते अर्धे पान अर्जासोबत पहिल्या दिवशीच जोडावे, असे माझे ठाम मत आहे.

वितरणाचे टप्पे मंजुरीपत्रातच लिहून घ्या: आगाऊ रक्कम पुरवठादाराच्या बँक हमीवर, दुसरा टप्पा क्लासने मंजूर केलेला आराखडा आणि माल रवाना झाल्याची कागदपत्रे दाखवून पतपत्राद्वारे, तिसरा बसवणीच्या सर्व्हेनंतर, आणि निदान दहा टक्के रक्कम कार्यान्वयन चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत राखून. बोट आधीच दुसऱ्या कर्जापोटी गहाण असेल, तर त्या धनकोचा ना हरकत दाखला आजच मागायला घ्या. तो मागितल्यावर लगेच मिळतो, असे मी कोणाच्याही बाबतीत ऐकलेले नाही. प्रकल्प खर्चात केवळ यंत्राची किंमत धरू नका. इंजिन रूमचे मोजमाप, आराखडे, गोदीचे भाडे, केबल, चाचणी, सुटे भाग आणि बोट कमाईविना उभी राहील ते दिवस, हे सारे धरले नाही तर मंजूर रक्कम अर्ध्या वाटेत संपते.

यंत्राची निवड हा वित्तपुरवठ्याचाच प्रश्न आहे, हे बँकेला सहसा पटत नाही. अतिनील किरणांच्या यंत्रणेला गढूळ पाणी त्रास देते. मुंबई बंदरातील गाळाने फिल्टर तुंबला की बॅलास्ट भरण्याचा वेग मंदावतो आणि डेमरेजचा (बंदरात ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागल्याचा) भुर्दंड बसू शकतो. विद्युतविघटनाने क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्रणेला आखाताचे खारे पाणी मानवते, पण हुगळीसारख्या नदीतील गोड्या पाण्यात ती अडते, आणि उरलेले क्लोरीन बाहेर सोडण्यापूर्वी निष्प्रभ करावे लागते. दोन्ही प्रकारांत जनरेटरवर पडणारा भार आधी तपासा. नवा जनरेटर घ्यावा लागला तर सगळा हिशेब बदलतो. शिवाय काही उत्पादक या धंद्यातून बाहेर पडले आहेत, तेव्हा केवळ स्वस्त दर पाहून ऑर्डर देणे मला धोक्याचे वाटते.

‘हे सगळे श्रीमंत देशांनी उभे केलेले खूळ आहे’ असे आपण लिहिले आहे, ते मला मान्य नाही. मूळची मध्य अमेरिकेकडची मायटिलॉप्सिस सॅली ही शिंपल्यांची जात जहाजांबरोबर येऊन 1967 च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात आढळली आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही आली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ग्लोबॅलास्ट प्रकल्पाने 2000 ते 2004 या काळात जगातील सहा बंदरांत बॅलास्ट पाण्याच्या व्यवस्थापनाची प्रात्यक्षिके केली, त्यांत मुंबई होते. खर्च आपल्या गळ्यात पडतो ही तक्रार मात्र रास्त आहे.

जून 2025 मध्ये सुरू झालेल्या सागरमाला फायनान्स कॉर्पोरेशन या सागरी क्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेकडे चौकशी जरूर करा, पण त्या भरवशावर ड्राय डॉकची तारीख लांबवू नका. बोटीचे वय, बॅलास्ट पंपांची ताशी क्षमता, जनरेटरची शिल्लक शक्ती आणि सध्याचे गहाण यांचा तपशील इथे दिलात, तर टप्प्यांचा कच्चा तक्ता मी मांडून देईन.